उजव्या बाजूच्या सात फळ्या

फोन आला तेव्हा नावेच्या फक्त फासळ्या उभ्या होत्या. जेवणाच्या टेबलाच्या खिडकीकडच्या अर्ध्या भागावर, लाकडी चिमट्यांच्या आधाराने, हातभर लांबीचा कणा आणि त्यावर अकरा फासळ्या, अशी ती उलटी ठेवलेली होती. आणि उरलेल्या अर्ध्या भागावर घरातली तीन माणसे, म्हातारा, त्याची लेक आणि जावई, ताटे दाटीवाटीने मांडून जेवत होती. ही वाटणी चार वर्षांपूर्वी ठरली होती आणि तिच्यात नावेचा वाटा कधी कमी झालेला नव्हता.

फोन जावयाच्या मेहुण्याचा होता. घरात ज्यांना सगळे मिस्त्री म्हणत त्या एकोणऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याचा तो मुलगा. दुसऱ्या गावी, चार तासांच्या अंतरावर राहणारा, लिफ्ट बसवणारा आणि दुरुस्त करणारा. मिस्त्रींना कानाशी धरून नीट ऐकू येत नसे, म्हणून फोन स्पीकरवर टाकून टेबलाच्या मधोमध ठेवण्यात आला.

"बाबा, खोली झाली," मेहुणा म्हणाला. "काल दाराला कडीसुद्धा बसवली. आता कधी येताय ते बोला."

मिस्त्रींनी घास सावकाश गिळला. "येतो की. हातातली नाव तेवढी पुरी होऊ दे. अर्धी टाकून उठलो तर तिथं येऊन हात शिवशिवत राहतील."

"किती दिवस लागतील?"

प्रश्न मिस्त्रींना होता. उत्तर मात्र जावयाने दिले. "एकेचाळीस," तो म्हणाला. "सोळा दिवस पट्ट्यांचे, दोन घासायचे, चार डेकचे, सात डोलकाठ्या आणि शिडांचे, आठ दोरांचे, चार रंगाचे. एकेचाळीस."

शेवटचा आकडा उच्चारता उच्चारताच त्याने जीभ चावली. पण आकडा गेला होता. पलीकडून मेहुणा खुशीत म्हणाला, "दाजी, तुमचं काम म्हणजे पक्कं! एकेचाळीस म्हणजे पुढच्या महिन्यातला शेवटचा रविवार. गाडी घेऊन येतो." मिस्त्रींनी जावयाकडे एकवार पाहिले आणि ते पुन्हा ताटाकडे वळले.

हा जावई दातांच्या कवळ्या बनवणारा होता, आणि यापुढे त्यांना कवळीकार म्हणणेच योग्य. कारण त्यांच्या स्वभावाचे मूळ त्या धंद्यात होते, की तो धंदाच त्यांनी स्वभावावरून निवडला होता, हा वाद त्यांच्या ओळखीच्या माणसांत कधी मिटलेला नाही. बत्तीस वर्षे त्यांनी परक्यांच्या तोंडाचे साचे हातात घेऊन केसाएवढ्या फरकावर डोळ्यांत तेल घालून काम केले होते. जो माणूस अर्ध्या मिलिमीटरसाठी कवळी तीनदा मोडतो, त्याला कोणी 'किती दिवस' असे विचारले तर 'बघू' हे उत्तर सुचत नाही. त्यांना बोलण्यातही सैलपणा खपत नसे. कोणी नुसते 'आज फार उकडतंय' म्हणाले, तरी कालच्या मानाने की सरासरीच्या मानाने, हे ते विचारून घेत. त्यांची बायको इस्पितळात एक्स-रे काढण्याचे काम करी, आणि माणसाच्या आरपार पाहण्याची सवय झाल्यामुळेच आपला संसार टिकला, असे ती मैत्रिणींना सांगे.

मिस्त्रींनी उभे आयुष्य खऱ्या नावा बांधल्या होत्या. बायको गेल्यावर ते 'आठ दिवस' म्हणून लेकीकडे आले, आणि आठ दिवस काय, दोन महिने भिंतीकडे तोंड करून बसून राहिले. कवळीकारांना सांत्वन करता येत नसे. सांत्वनात जी ढिली, गोलमाल वाक्ये वापरावी लागतात ती त्यांच्या तोंडी बसत नसत. त्या सुमारास एका म्हाताऱ्या बाईने, नवी कवळी पहिल्याच दिवशी न टोचल्याच्या आनंदात, त्यांना एक खोके भेट दिले. बाईंचे खेळण्यांचे दुकान होते आणि ते त्या बंद करत होत्या. खोक्यात कापून ठेवलेले लाकूड, सुताची रिळे, मोहरीएवढ्या कप्प्या आणि घडी घातलेला एक मोठा नकाशा होता. कवळीकारांनी ते टेबलावर ठेवले आणि हात धुवायला गेले. परत येऊन पाहतात तो मिस्त्री खोके उघडून उभे.

"हे काय?" मिस्त्रींनी विचारले. दोन महिन्यांतला तो त्यांचा पहिला प्रश्न होता. "नाव? खोक्यात?"

"हो. जोडायची असते. नकाशा आहे."

"नकाशा!" मिस्त्री म्हणाले. या एका शब्दात त्यांनी जेवढा तिरस्कार भरला तेवढा कवळीकारांनी तोवर कोणाच्या तोंडून ऐकला नव्हता, आणि त्यांनी हजारो तोंडे पाहिली होती.

तिथून जे भांडण सुरू झाले ते चार वर्षे आणि तीन नावा चालले. कवळीकार नकाशा टेबलावर पसरून, त्याच्या कोपऱ्यांवर दातांचे साचे वजन म्हणून ठेवून, मापे मोठ्याने वाचत. मिस्त्री फासळीवर बोट फिरवून 'कागदाला हात नसतात' असे म्हणून पटाशी उचलत. कवळीकारांना प्रत्येक फळीवर खिळ्यांच्या टोप्या टोकदार पेन्सिलीने दाखवायच्या असत. मिस्त्रींच्या मते खिळा दिसणे ही नाव बांधणाऱ्याची बेअब्रू होती. कवळीकार 'पट्टी' म्हणत, मिस्त्री 'फळी'. आणि एकाने दुसऱ्याचा शब्द चुकूनही वापरला नाही. मिस्त्रींनी आगकाडीचा एक माणूस कोरला होता, नावेच्या मापात बसणारा, चार सेंटिमीटरचा. त्याला ते डेकवर चालवत. "बघा, जावईबापू, तुमच्या नकाशाप्रमाणे सुकाणू इथं. आता हा बिचारा इथं उभा राहिला की शिडाची काठी याच्या डोक्यात बसणार. काढणाऱ्यानं कधी नावेत पाऊल टाकलंय का?" कवळीकार भिंगातून पाहत, पट्टीने मोजत, पुस्तके उघडत, आणि चार दिवसांनी, जणू स्वतःच शोध लावल्यासारखे, सुकाणू अर्धा सेंटिमीटर मागे सरकवत.

हे सगळे सुखाचे होते, हे त्यांना फोन येईपर्यंत कळले नव्हते.

आता कोणी विचारील की, मग सरळ 'राहा' म्हणायला काय अडचण होती? अडचण होती, आणि ती कवळीकारांनीच स्वतःच्या हाताने घडवली होती. चार वर्षांपूर्वी, मिस्त्री आले त्याच आठवड्यात, याच टेबलाशी त्यांनी मेहुण्याला फैलावर घेतले होते. 'माझ्याकडे खोली नाही' असे तो म्हणाला, तेव्हा कवळीकारांनी त्याला चढत्या क्रमाने पाच मुद्दे ऐकवले. खोली नसणे ही अडचण आहे, कारण नव्हे. वडील म्हणजे आज इथे, उद्या तिथे टाकायचे गाठोडे नव्हे. म्हाताऱ्या माणसाला स्वतःचे दार आणि स्वतःची खिडकी हवी. ती बाहेरच्या खोलीतल्या पलंगावर मिळत नाही. तेव्हा खोली बांधणे हे मुलाचे कर्तव्य ठरते. मेहुणा मान खाली घालून निघून गेला होता. मग त्याने दोन वर्षे, सुट्टीच्या दिवशी, गवंड्याच्या जोडीने विटा उचलून खोली बांधली. वाद इतका पुरा जिंकल्याचे उदाहरण कवळीकारांच्या आयुष्यात दुसरे नव्हते. आणि जिंकलेला वाद परत करण्याची रीत त्यांना ठाऊक नव्हती.

तेव्हा त्यांनी उशीर करण्याचे रीतसर मार्ग धरले. पट्ट्यांची जाडी सारखी नाही म्हणून त्या सगळ्या पुन्हा मोजल्या. कोमट पाण्यात वीस मिनिटे भिजवायच्या त्या चाळीस मिनिटे भिजवल्या. "घाई केली की लाकूड रुसतं," असे एकदा म्हणूनही पाहिले. हे वाक्य मिस्त्रींचेच होते.

पण मिस्त्रींचे काहीतरी बिघडले होते. ते भांडेनासे झाले. नकाशा पसरला तरी 'नकाशा!' म्हणेनात. सकाळी चहा घेऊन ते टेबलाशी बसत, एक फळी डावीकडे लावत, तिला चिमटे लावत, लगेच तिची जोडीदारीण उजवीकडे लावत. आणि रोज एक जोडी असा हिशेब असताना तीन दिवसांत पाच जोड्या झाल्या. कवळीकारांनी हे पाहिले. म्हाताऱ्याला जायची घाई झाली होती. स्वतःचे दार, स्वतःची खिडकी. मुद्दा क्रमांक तीन.

डावी आणि उजवी हा नियम मात्र दोघांनाही सारखाच मान्य होता. कदाचित तेवढा एकच. भिजवून वाकवलेली फळी वाळताना आक्रसते आणि कण्याला आपल्याकडे ओढते. डावीकडे एक लावली की उजवीकडे एक लागलीच हवी, म्हणजे ओढ सारखी राहते. एका बाजूला फळ्या लावत गेले तर कणा हळूहळू त्या बाजूला वळतो आणि नाव केळ्यासारखी वाकडी होते. मग तिला कितीही घासा, कितीही रंग द्या, ती पाण्यात गोल गोल फिरणारीच नाव असते. ज्याने पहिले खोके उघडले त्यालाही हे पहिल्या पानावर सांगितलेले असते.

चौथ्या दिवशी दुपारी बायको मिस्त्रींना डोळे तपासायला घेऊन गेली. डोळ्यांत थेंब घालणार, मग तासभर बसवणार, तेव्हा संध्याकाळ होईल, असे सांगून गेली. कवळीकार एकटे टेबलाशी बसले. समोर नाव उलटी होती. डावीकडे पाच फळ्या, उजवीकडे पाच. त्यांनी सात पट्ट्या पाण्यात टाकल्या. मग पाण्याकडे पाहत बसले. आपण काय करणार आहोत हे त्यांना नीट माहीत होते. आपण काय करत आहोत हे माहीत नसणे त्यांना कधी जमलेच नव्हते.

पहिली पट्टी त्यांनी उजवीकडे लावली. दुसरी उजवीकडे. तिसरी लावताना त्यांचा हात थांबला, कारण बत्तीस वर्षांत त्यांनी जाणूनबुजून एकही दात वाकडा बसवला नव्हता. लाकडाच्या जागी कोणाचा तरी जबडा असल्यासारखे त्यांना वाटले. तरी त्यांनी तिसरी लावली, चौथी लावली, आणि प्रत्येक फळी वाळेपर्यंत थांबायचे असते हा दुसरा नियमही मोडून सातवी लावली. कवळ्यांच्या कामातले सगळे बारीक चिमटे संपले तेव्हा कपड्यांना लावायचे वापरले. काम इतके नीटनेटके झाले होते की दोन पट्ट्यांमध्ये नखसुद्धा शिरले नसते. एवढे स्वच्छ वाटोळे त्या घरात कोणी केले नव्हते. त्यांनी नावेवर फडके टाकले आणि संध्याकाळी डोकं दुखतंय असे सांगून ते जेवले नाहीत.

सकाळी फडके मिस्त्रींनी काढले.

त्यांनी चिमटे एकेक करून काढले. नाव उचलून एक डोळा मिटला आणि कण्याच्या रेषेत पाहिले. कालच्या औषधाने डोळा अजून पाणावलेला होता, म्हणून पुसून पुन्हा पाहिले. मग सुताचा धागा घेतला, पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत ताणून धरला, आणि मध्यावर धागा आणि कणा यांच्यात जी फट पडली होती तिच्यात करंगळीचे नख घातले. नख आरामात मावले. मिस्त्रींनी नाव टेबलावर ठेवली, पायांत चपला घातल्या आणि ते फिरायला निघून गेले.

कवळीकार स्वयंपाकघराच्या दाराशी उभे होते. बायको कामावर जायच्या तयारीत बाहेर आली, टेबलाकडे पाहिले, नवऱ्याकडे पाहिले.

"किती?" तिने विचारले.

"पाच मिलिमीटर. थोडं जास्तच."

"अहो, मुद्दाम?"

कवळीकारांनी मान हलवली.

"माझ्या वडिलांना 'राहा' म्हणालात का कधी? तोंडानं?"

"कसं म्हणणार? मीच तुझ्या भावाला सांगितलं होतं की तर्कानं पाहिलं तर –"

"तर्क घाला चुलीत!" ती खांद्याला पिशवी लावत म्हणाली. "आणि नाव का घातलीत चुलीत? तिनं काय पाप केलं होतं? आज रजा टाकते मी. हे बघितल्याशिवाय जात नाही." तिने पिशवी काढून खुंटीला अडकवली आणि चहाचे आधण ठेवले.

मिस्त्री तासाभराने परत आले. हातपाय धुतले, आपल्या खुर्चीत बसले, आणि समोरची खुर्ची बोटाने दाखवली.

"जावईबापू, बसा."

"मी उभा ठीक आहे."

"बसा म्हणतो."

कवळीकार बसले. मध्ये नाव होती.

"चुकून एक फळी जास्त लागते," मिस्त्री म्हणाले. "माझ्या हाताखालच्या माणसांकडून कधी दोन लागायच्या, त्यांना मी दुपारचं जेवू द्यायचो नाही. सात फळ्या चुकून लागत नाहीत. आणि तुमच्याकडून तर अर्धीसुद्धा लागत नाही. काल मी डॉक्टरकडे तोंड वर करून बसलो होतो, तेव्हा तुम्ही इथं बसून हे केलंत."

"हो."

"नावेनं तुमचं काय घोडं मारलं होतं?"

"नावेनं नाही."

"मग मी मारलं?"

"नाही, बाबा."

"मग?"

"मुद्दा असा आहे की –"

"मुद्दा नको!" स्वयंपाकघरातून बायको ओरडली.

"मुद्दा नकोच," मिस्त्रीही म्हणाले.

मुद्दा काढून घेतल्यावर कवळीकारांच्या हातात काहीच उरले नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "तुम्ही जाऊ नका," ते म्हणाले. आणि सवयीने पुढे म्हणाले, "अर्थात, तुमची स्वतःची इच्छा असेल तर –"

"अर्थातच्या पुढचं राहू द्या. मागचं पुन्हा बोला."

"तुम्ही जाऊ नका."

मिस्त्रींनी नाव आपल्याकडे ओढली आणि वाकडा कणा अंगठ्याने दाबून पाहिला. "एकेचाळीस म्हणालात," ते नावेशीच बोलल्यासारखे म्हणाले. "फोनवर. इतकं मोजून, इतकं चोख. मला वाटलं, माणूस दिवस मोजतोय. चार वर्षं टेबल अडवलंय त्याचं, पलंग टाकून बाहेरची खोली अडवलीय. म्हणून मी हात भरभर चालवला. म्हटलं, एकेचाळीस कशाला, तिसात मोकळं करू याला."

बत्तीस वर्षे ज्या काटेकोरपणाचा कवळीकारांना अभिमान होता, त्याने एका शब्दात केवढा घोळ घातला होता हे ते पाहत होते. "मी तेव्हा जे बोललो होतो," ते अखेर म्हणाले, "तुमच्या मुलाशी, चार वर्षांपूर्वी, याच टेबलाशी, ते मी मागे घेतो. पाचही मुद्दे."

"मला कशाला सांगता? मी तेव्हा बाहेरच्या खोलीत झोपलो होतो. निदान तुम्हाला तसं वाटत होतं." मिस्त्रींनी वर पाहिले. "गाठोडं म्हणालात ते मला आवडलं होतं. पण ज्याला बोललात त्याला सांगा. त्यानं विटा उचलल्यात."

बायकोने चहाच्या कपाबरोबर फोनही आणून ठेवला.

मेहुण्याचा आवाज घुमत आला. "दाजी, मी खड्ड्यात आहे, लिफ्टच्या खाली. लवकर बोला."

कवळीकारांनी लवकर बोलण्याचा प्रयत्न आयुष्यात प्रथमच केला. चार वर्षांपूर्वी आपण तुला जे ऐकवले ते चूक होते. म्हणजे तेव्हा ते बरोबर वाटले होते, पण आता आपल्याला बाबा इथेच हवे आहेत. आणि हे सांगायचे धैर्य न झाल्यामुळे आपण काल नाव बिघडवली. एवढे बोलून ते थांबले. पलीकडे कुठेतरी पाणी ठिबकत होते, तेवढे ऐकू आले.

"तुम्हीच म्हणालात, खोली बांध."

"हो."

"मी रविवार म्हणून पाहिला नाही दोन वर्षं. बायको म्हणायची, घरात नवरा राहतो की गवंडी? आणि आता तुम्ही बाबांना पाठवत नाही म्हणताय."

"पाठवत नाही, असं नव्हे. त्यांनी जाऊ नये, असं मला वाटतं."

"यात फरक काय?"

कवळीकारांनी फरक शोधला. शोधण्यात त्यांचा हात धरणारा माणूस त्या गावात नव्हता. "काहीच नाही," ते म्हणाले.

"या रविवारी येतो," मेहुणा म्हणाला, आणि फोन बंद झाला.

रविवारपर्यंतचे दोन दिवस वाईट गेले, असे म्हणणे मात्र खरे होणार नाही. मिस्त्री पुन्हा भांडू लागले. त्या सात फळ्यांचा वाळलेला डिंक गरम पाण्याने सोडवायचा की स्पिरिटने, यावर पहिला अख्खा दिवस गेला. कवळीकार स्पिरिटच्या बाजूने होते, कारण पाण्याने आतल्या पाच फळ्याही सुटतील. मिस्त्रींच्या मते स्पिरिट हे दवाखान्याचे काम होते, लाकडाचे नव्हे. शेवटी एक पट्टी फुकट घालवून प्रयोग झाला आणि स्पिरिट जिंकले. "नुसतं जिंकलं म्हणू नका, वास बघा," मिस्त्री म्हणाले. कवळीकार हसले, पण मधूनच दाराकडे पाहत राहिले.

मेहुणा आला तो कोणाशी न बोलता आत आला. बहिणीने पाणी दिले ते उभ्यानेच प्यायला. मग टेबलाशी गेला, नाव उचलली, आणि बापासारखाच एक डोळा मिटून कण्याच्या रेषेत पाहिले.

"पाच?"

"पाच पूर्णांक दोन," कवळीकार म्हणाले.

"एवढ्यात माझी लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकते." त्याने नाव खाली ठेवली. "दाजी, तुम्ही असलं काम केलंत? तुम्ही?" त्याच्या आवाजात राग होता, पण रागाच्या मागे एक अचंबाही होता, एखाद्या देवळासारख्या स्थिर माणसाला रस्त्यात घसरून पडताना पाहिल्यावर होतो तसा. तो खुर्चीत बसला. टेबलावर टेकलेल्या त्याच्या बोटांची टोके सिमेंटने फाटून पुन्हा भरून आली होती. कवळीकारांना ती बोटे दिसली, आणि ती त्यांनी पाहिली हे मेहुण्यालाही दिसले.

"खिडकी कुठल्या बाजूला काढलीस?" मिस्त्रींनी विचारले.

"उत्तरेला. तुम्हाला कामाला उजेड लागतो म्हणून."

"गज?"

"उभे. हात बाहेर जाईल एवढे लांब लांब."

"कडी पितळी की लोखंडी?"

"पितळी. बाबा, आता काय करू मी त्या खोलीचं? कपडे वाळत घालू?"

"माझी खोली आहे ती," मिस्त्री म्हणाले. "कपडे वाळत घालशील तर बघ. मी येणार नाही असं कोण म्हणालं? मी राहणार इथं. पण उन्हाळ्यात तिथं येणार. दोन महिने."

"चार."

"दोन."

"बाबा, दोन महिन्यांसाठी कोणी भिंती बांधतं का? चार."

कवळीकारांच्या मनात दोनच्या बाजूने मुद्दे आपोआप रांगेत उभे राहिले. प्रवासाचा त्रास, डोळ्यांची औषधे, ओळखीचा डॉक्टर, अर्धवट नाव: चार मुद्दे, चारही बिनतोड, आणि समोरचा माणूस चार तासांचा प्रवास करून दमलेला. बायको दाराशी हाताची घडी घालून त्यांच्याकडेच पाहत होती.

"तीन," कवळीकार म्हणाले. "तीन महिने. आणि पुढचं खोकं त्याच खिडकीत उघडायचं."

मिस्त्रींनी त्यांच्याकडे वळून पाहिले. "मी दोन म्हणतोय आणि तुम्ही त्याला एक जास्त देताय?"

"हो."

"का ते सांगा."

"नाही सांगत," कवळीकार म्हणाले.

मेहुण्याला हसू आले नाही, पण त्याने बाह्या दुमडल्या. "आणि तुम्ही, दाजी? तीन महिने इथं बसून काय करणार? कवळ्यांशी भांडणार?"

"मी शनिवारी संध्याकाळी येईन, रविवारी परत. नकाशा कोणीतरी वाचायला हवा."

"नकाशा!" मिस्त्री म्हणाले.

स्पिरिटची बाटली आणि कापसाचे बोळे मध्ये आले. बहिणीने भावाला एक बोळा दिला आणि कोणती फळी आधी, ते विचारून घे म्हणून सांगितले. त्याने विचारले नाही. उजवीकडची सर्वांत वरची फळी भिजवली, अर्ध्या मिनिटात नखाने उचकटायला गेला, आणि ती मधोमध कडकन मोडली.

"अरे, लिफ्टचं दार आहे का ते?" मिस्त्री कडाडले. "थांब जरा! भिजू दे, पाचेक मिनिटं. ती आपणहून उचलते तेव्हा कळतं."

"मला उजेडच दिसत नाहीये इथं," मेहुणा कुरकुरला.

कवळीकार उठले. खिडकीकडची आपली खुर्ची त्यांनी मागे ओढली, मेहुण्याला तिथे बसवले, स्वतः सावलीच्या बाजूला येऊन बसले, आणि दुसरी फळी त्याच्यासमोर येईल अशी नाव धरून ठेवली.